बाजूला बसायची खोली

उज्वला : फोटोत केवढं मोठं दिसत होतं हे, ताई.

उत्तरा : फोटोत मी नव्हते ना. मी आत उभी राहिले की संपलं स्वयंपाकघर. तो स्टूल ओढून घे. खुर्चीला जागाच ठेवली नाही. ठेकेदाराच्या लक्षात आलं नाही आणि माझ्याही. एवढ्या ट्रॉल्या, एवढी कपाटं, पण बाई बसणार कुठे, हे नकाशात नाहीच.

उज्वला : पण झालंय लय भारी. आपल्या बायकांच्या ग्रुपवर शंभरच्या वर अंगठे आले होते. आमची सोमवारी भिंत पडणार, म्हटलं त्याच्या आधी एकदा डोळ्यांनी बघून यावं. सिडकोतून पंचवटीत दोन रिक्षा बदलून आले.

उत्तरा : बघ की मग. ड्रॉवर उघड.

उज्वला : याला हँडल कुठंय?

उत्तरा : नाही. खालच्या खाचेत बोट घालून ओढायचं. कणकेच्या हातानं ओढलं की कणीक खाचेत. मग ती टूथपिकनं कोरायची. हळदीचं तर विचारूच नकोस. पांढरा रंग मीच पसंत केला होता. हौस!

उज्वला : ग्रुपमधल्या तृप्तीनं पण पांढराच केला. आता म्हणती, दिवसभर ट्रॉल्या पुसते बाई, यापेक्षा नवरा बरा, त्याला पुसावं तरी लागत नाय.

उत्तरा : हे तिनं ग्रुपवर का नाही लिहिलं?

उज्वला : ग्रुपवर कोण लिहितं? ग्रुपवर सगळ्यांचं ड्रीम किचन. तिच्या सिंकखाली पाणी गळतंय, तिथं बादली ठेवलीय, आणि फोटो टाकला तो बादलीच्या वरचा. म्हणून तर तुमच्याकडं आले. तुम्ही खोटं नाय बोलायच्या. आमच्या आरोहीला संस्कृत शिकवायच्या तेव्हा पहिल्याच दिवशी मला तोंडावर म्हणाल्या होत्या, तुमच्या मुलीला काही येत नाही.

उत्तरा : येत नव्हतंच.

उज्वला : नंतर आलं की.

उत्तरा : आलं. गुणी आहे पोरगी. चिमणी चालू करून बघ. ते बटण.

उज्वला : आई गं! काय घुमते! बोललेलं ऐकू येत नाय काय.

उत्तरा : तेवढाच तिचा फायदा. धूर ओढत नाही, पण घरातलं कोण काय बोलतंय ते ओढून घेते. बंद कर, हे येतायत.

दिवाकर : उत्तरा, अगं ऐकलंस का... अरे, उज्वलाताई! कधी आलात? बसा, बसा. पाहिलंत का किचन? सगळं हिच्या मनासारखं केलं. मी म्हटलं, एकदाच करायचं, तर हात आखडायचा नाही.

उज्वला : बघतेय गुरुजी. झकास झालंय.

दिवाकर : अगं, इंदूरचे साडेचारपर्यंत येतायत. जागा बघतील, बाथरूम बघतील, आणि आजच पक्कं करतील. तू विचार केलास ना?

उत्तरा : करतेय.

दिवाकर : आता करतेय काय, तीन दिवस झाले. त्यांना शब्द द्यायचाय आज. चांगली सात्त्विक माणसं आहेत. बरं, बाथरूमला तेवढं फिनाईल मारून ठेव. ही घे किल्ली. काम झालं की दे परत.

उत्तरा : ठेवा तिथे.

उज्वला : गेले वाटतं. बाथरूमला कुलूप, ताई?

उत्तरा : असतं.

उज्वला : आणि किल्ली काढली कुठून त्यांनी? सदऱ्यातून?

उत्तरा : जानव्याला बांधलेली असते. सासरे तिजोरीची बांधायचे. हे बाथरूमची बांधतात. प्रगती आहे घराण्याची.

उज्वला : हसवू नका हो, मला जायचंच होतं तिकडं. मी जाऊन आले तर चालंल ना?

उत्तरा : जा ना. कुणी यायच्या आत जा. नळ डावीकडे फिरवलास की वरून शॉवर येतो, सांभाळ. उजवीकडे फिरव.

उज्वला : आले. काय हो ताई, राजवाडा हाय तो! काचेचं दार, वरून पाऊस पाडणारा शॉवर, गरम पाण्याचा गिझर. फक्त पाणी दाराकडं का येतंय?

उत्तरा : उतार चुकला. जाळी त्या कोपऱ्यात आणि उतार या दाराकडे. पायपुसणं रोज पिळायचं. ठेकेदार म्हणाला, फरशी परत उखडावी लागेल. हे म्हणाले, विधीला येणाऱ्या यजमानांना काय कळतंय, पुसून घेत जा.

उज्वला : मंग तुम्हीच पुसता, आणि तुम्हालाच किल्ली मागावी लागते?

उत्तरा : मी तिथे आंघोळ करत नाही. ते यजमानांचं. लोक गोदाकाठी गंगेवर अस्थी सोडतात, श्राद्ध करतात, ओल्या अंगानं इथे येतात, आंघोळ करतात, जेवतात, जातात. एकदा माझा परकर आत वाळत होता. यजमानांनी बघितला. त्या दिवसापासून कुलूप.

उज्वला : परकर बघून काय झालं त्यांना? त्यांच्या घरात बाया लेंगा घालतात काय?

उत्तरा : हेच मी म्हणाले. म्हणजे मनात म्हणाले.

उज्वला : मंग तुम्ही कुठं करता आंघोळ?

उत्तरा : जिन्याखालची जुनी न्हाणी आहे. पाण्यात हीटरची कांडी सोडायची, बादली तापली की उकिडवं बसून तांब्यानं घ्यायचं. लग्न होऊन आले तेव्हाही तसंच होतं. आता बसताना गुडघा वाजतो, एवढाच बदल.

उज्वला : आणि ग्रुपवर लिहिलं होतं तुम्ही, 'आमचं नवं बाथरूम'. आमचं!

उत्तरा : यशश्रीनं लिहिलं होतं, माझ्या फोनवरून. तिनंच फोटो टाकले. लेक आहे, हौशी. काम संपल्यावर परत दोन दिवस आली, फोटो काढले आणि गेली पुण्याला.

उज्वला : आणि हे इंदूरचे काय पक्कं करणार?

उत्तरा : सिंहस्थाचं. गोदावरीला कुंभ भरतो ना, तेव्हा पंचवटीत पाय ठेवायला जागा नसते. इंदूरच्या एका मोठ्या घराण्याला वरच्या तिन्ही खोल्या हव्यात, सगळ्या पर्वांना. भाऊ, चुलते, त्यांची मित्रमंडळी, येत-जात राहणार. आणि जेवण इथलं. दोन्ही वेळ. रोजची पंचवीस पानं.

उज्वला : पंचवीस! कोण करणार?

उत्तरा : तू आत्ता कुणाच्या किचनमध्ये बसलीयेस?

उज्वला : एकट्या?

उत्तरा : सोवळ्यातलं लागतं. पहाटे आंघोळ, धुतलेलं वेगळं लुगडं, कुणाला शिवायचं नाही, स्वयंपाक आटपेपर्यंत पाण्याचा घोटसुद्धा नाही. म्हणून तर लोक हॉटेल सोडून इथे येतात. कार्डावर छापलंय यांनी, 'घरच्या सुवासिनीच्या हातचा सोवळ्यातला स्वयंपाक'. ती सुवासिनी म्हणजे मी. माझं नाव नाही छापलेलं. सुवासिनी.

उज्वला : हाताखाली बाई ठेवा एखादी.

उत्तरा : भांड्याला ठेवता येईल. चुलीजवळ नाही चालत. कार्डावर छापलंय ना.

उज्वला : मंग गुरुजी स्वतः करू देत. तेही सोवळ्यातच असतात की दिवसभर. त्यांच्या हातचं देवाला चालतं, इंदूरवाल्यांना नाय चालणार?

उत्तरा : हे तुझ्या आधी कुणी बोललं नाही या घरात.

उज्वला : मी पण या घरात म्हणूनच बोलले. आमच्या घरात नसते बोलले.

उत्तरा : आणि तुमची भिंत कसली पडतेय?

उज्वला : हॉल आणि किचनमधली. ओपन किचन. नवऱ्याचंच खूळ. शेखर कंपनीतल्या साहेबांकडं बघून आला. अंबडच्या कंपनीत लागल्यापासून दर दोन वर्षांनी त्याला कुणाचं तरी घर आवडतं. आरोही पण त्याच्याच बाजूनं. म्हणती, मम्मी, तू आत एकटी असतेस, आता आमच्यात असशील.

उत्तरा : तुला काय हवंय?

उज्वला : मला? मला नवा ओटा पायजे होता. जुन्याची कडप्पा फरशी फुटलीय, खालून झुरळं येतात. एवढंच बोलले होते मी. तिथून गाडी भिंतीवर गेली.

उत्तरा : आत एकटी असतेस तेव्हा काय करतेस?

उज्वला : काय करणार? कुकर लावते. दार लोटते. आणि उगी बसते हो. पाटावर. शिट्ट्या होईपर्यंत. शेखर विचारतो काय चाललंय, मी म्हणते भाजी.

उत्तरा : भिंत पाडू नकोस.

उज्वला : ओपन किचनला तुमचा कसला विरोध? तुमचं तर ओपन नाय.

उत्तरा : माझं वेगळं पाडलं मी. तुला आठवतो तो व्हिडिओ? मी हातोडा मारतेय तो?

उज्वला : न आठवायला काय झालं! 'आज एक प्रथा मोडली'. सगळ्यांनी टाळ्या टाकल्या होत्या. मी पण. शेखरला पण दाखवला. म्हटलं, बघ, पंचवटीतली गुरुजींची बायको बघ. पण खरं सांगू, कुठली प्रथा ते काय मला नीट कळलं नव्हतं.

उत्तरा : आत्ता तू जिथे जाऊन आलीस ना, काचेचं दार, शॉवर, तिथे एक खोली होती. एक माणूस आडवा झाला की भरणारी. एक झरोका, एक चटई, घोंगडं, वेगळा तांब्या. पाळी आली की चार दिवस तिथे बसायचं. बाजूला बसायचं. कुणाला शिवायचं नाही, स्वयंपाकघराकडे फिरकायचं नाही. जेवणाचं ताट सासूबाई उंबऱ्याशी ठेवायच्या आणि पायानं सरकवायच्या.

उज्वला : पायानं?

उत्तरा : हातानं सरकवलं तर त्या विटाळल्या असत्या ना. मी संगमनेरहून आले, बी.ए. होऊन. आमच्याकडे असलं काही नव्हतं. पहिल्या महिन्यात रडले. दुसऱ्या महिन्यात भांडले. यांच्याशी बोलणं टाकलं. हे म्हणाले, आपण क्षेत्रातली माणसं, लोक आपल्याकडे बघतात. ती खोली एक दिवस पाडीन म्हणून मी तेव्हाच ठरवलं होतं. वर्षं गेली, सासूबाई गेल्या, पण यजमान होतेच, सोवळं होतंच. मग माझी पाळी गेली. खोली रिकामी झाली. आणि राकेश ठेकेदारानं विचारलं, वहिनी, नवं बाथरूम कुठं काढायचं?

उज्वला : तुम्ही म्हणालात, इथं.

उत्तरा : मी म्हणाले, पहिला हातोडा मी मारणार. यशश्रीला म्हटलं, व्हिडिओ काढ.

उज्वला : बरोबरच केलं की मंग. असली खोली पाडायलाच पायजे. यात पस्तावायचं काय?

उत्तरा : त्या खोलीत माझं एम.ए. झालं, उज्वला.

उज्वला : म्हणजे?

उत्तरा : महिन्यातले चार दिवस. बाकीच्या सव्वीस दिवसांत मला पुस्तक हातात धरायला मिळालं नाही, या घरात तशी पद्धतच नव्हती. पण त्या चार दिवसांत मला कुणी हाक मारू शकत नव्हतं. पाणी दे नाही, पोळ्या टाक नाही, अमके आलेत नाही. हाक मारून करणार काय, शिवली तर पंचाईत त्यांचीच. पुस्तकाला विटाळ होतो की नाही हे सासूबाईंनी एकदा कुणाला तरी विचारलं होतं, त्यांनाही नक्की सांगता आलं नाही. मग मी वाचत बसले. पुढे पुढे पाचवा दिवस ओढायचे. अजून आहे म्हणायचे. एका वर्षी तर महिन्यातून दोनदा बसले.

उज्वला : ताई!

उत्तरा : परीक्षा होती.

उज्वला : आणि गुरुजींना कळलं नाय?

उत्तरा : त्यांना हे मोजायला कुणी शिकवलंय? ते तिथी मोजतात. आल्हाद लहान होता, तापानं फणफणला होता, तेव्हा मात्र मला पोराजवळ जाऊ दिलं नाही. तेही त्याच खोलीत. तो आता म्हणतो, आई, तुला ती खोली आवडायची? मी म्हणते, नाही रे. घाणेरडी खोली होती. घाणेरडीच होती ती. पण घरात माझं म्हणून तेवढंच होतं. आणि मी व्हिडिओ काढून पाडलं. जुना ओटाही तसाच. दोन शेगड्यांचा, तोकडा. हे म्हणायचे पंधरा पानं आहेत, मी म्हणायचे, ओटा लहान आहे, आठ होतील. हे आठच बोलवायचे. आता? एवढं ग्रॅनाइट, चार शेगड्या. आता काय सांगू, काय लहान आहे?

उज्वला : एक बोलू का? राग येईल तुम्हाला.

उत्तरा : बोल. आज तो यायचा राहिलाय बराच.

उज्वला : तुम्हाला चार दिवस मिळाले. वाईट मिळाले, पायानं ताट सरकवून मिळाले, पण मिळाले. माझ्या सासूबाई, बयाबाई, आहेत ना, पिंपळगावच्या बाजूला राहतात, त्यांना मी एकदा विचारलं होतं. म्हटलं, तुमच्याकडं पाळायचे काय हो? तर म्हणल्या, विटाळ बामणाला परवडतो, आम्ही बाजूला बसलो तर कांदे कोण काढंल? भर उन्हात, तसंच, वाफ्यात बसून. मी स्वतः लग्नाच्या आधी पॅकहाऊसला जायचे, द्राक्षं भरायला. सकाळपासून उभं. बाथरूम एक, आणि मुकादम दाराशी घड्याळ बघत. तिथं पोट दुखतंय म्हटलं तर म्हणायचा, उद्यापासून येऊ नको.

उत्तरा : खरंय.

उज्वला : राग आला ना?

उत्तरा : नाही. लाज वाटली थोडी. तुझ्या सासूबाईंना कधी सुटका नव्हती, आणि मी तुझ्यासमोर कोंडण्याच्या खोलीसाठी गळा काढतेय.

उज्वला : तसं नाय म्हणत मी. मला एवढंच म्हणायचंय, तुम्हाला आता खोली कशाला पायजे? शिकलेल्या, पोरं मार्गी लागलेली, तुम्हाला कोण हाकलतंय? तोंड हाय ना. गुरुजी आले की म्हणायचं, नाय जमणार.

उत्तरा : तोंडानं म्हणायची सवय नाही गं. माझ्या वतीनं शरीर म्हणायचं. ते म्हणालं की सगळं घर ऐकायचं. त्याचं बोलणं बंद झालं, आणि माझं सुरूच झालेलं नाही.

उज्वला : गुरुजी काय मारतात, ओरडतात?

उत्तरा : छे. आवाज चढत नाही त्यांचा. हेच तर. ओरडले असते तर मीही ओरडले असते कधीच. ते म्हणतात, तुझ्या हाताला काय चव आहे. ते म्हणतात, हे सगळं तुझ्यासाठीच केलं ना. परवा म्हणाले, बारा वर्षांनी सिंहस्थ येतं, पुढच्याला मी असेन की नाही, हे एक नीट होऊ दे. काय बोलणार? आल्हाद या धंद्यात येत नाही. तो बंगलोरला बसलाय. यांचे गुडघे गेलेत, तरी पहाटे गंगेवर जातात. मला त्यांचीही दया येते. दया आली की मी कणीक भिजवते.

उज्वला : दया येऊ द्या. कणीक नका भिजवू.

उत्तरा : सोपं आहे? तू शेखरला म्हणालीस का, भिंत नको म्हणून?

उज्वला : हा ओटा केवढ्याला पडला हो?

उत्तरा : म्हणालीस?

उज्वला : नाय. मला वाटलं, तुमचं किचन बघून मलाच भिंत नकोशी होईल. म्हणजे भांडण नाय.

उत्तरा : म्हणजे तू दोन रिक्षा बदलून स्वतःची समजूत घालायला आलीस.

उज्वला : तसंच काय तरी.

उत्तरा : आपण दोघी पण शहाण्याच. मी खोली पाडून बसले, तू भिंत पाडायला निघालीस. आणि ग्रुपवर सगळ्या टाळ्या टाकणार. त्या कुकरखालचा गॅस बारीक कर गं, तुझ्या हाताशी आहे.

उज्वला : मी शिवले तर चालंल?

उत्तरा : संध्याकाळची आपल्यापुरती डाळ आहे. कर.

उज्वला : पंचवीस पानं म्हणजे रोज किती पोळ्या हो?

उत्तरा : नको विचारू. तीन रात्री तेच करतेय मी, डोळा लागत नाही. आणि पोळ्यांचंही काही नाही एवढं. हात चालतात. मला भीती वाटते ती वेगळीच. सिंहस्थ संपेल, इंदूरचे जातील. तोवर सगळ्या यजमानांना कळलेलं असेल, इथे पंचवीस पानं होतात. मग कायमच पंचवीस. हे 'हो' एका वर्षाचं नाहीये, उज्वला. मी मरेपर्यंतचं आहे.

उज्वला : मंग आजच काय ते म्हणा. मी हाय इथं. माझ्यासमोर ते जास्ती बोलणार नायत.

उत्तरा : तुझ्यासमोर म्हणायचं म्हणजे त्यांचा अपमान.

उज्वला : मंग जाऊ मी?

उत्तरा : नको. बस.

दिवाकर : उत्तरा, आले गं. गाडी गंगेवर लावलीय, चालत येतायत. फिनाईल मारलंस ना? आणि हो सांगून टाकतो मी, काय?

उत्तरा : नाही.

दिवाकर : नाही मारलंस?

उत्तरा : फिनाईल मारते. हो सांगू नका.

दिवाकर : अजून विचार झाला नाही का तुझा?

उत्तरा : झालाय. खोल्या द्या त्यांना. जेवण मी करणार नाही.

दिवाकर : बरं नाहीये का तुला? सकाळीही जरा ओढलेली दिसत होतीस.

उत्तरा : बरी आहे मी.

दिवाकर : मग यशश्रीकडे काही आहे का? काही गोड बातमी वगैरे? तिच्याकडे जावं लागणार आहे का तुला?

उत्तरा : नाही. कुणाचं काही नाही.

दिवाकर : उज्वलाताई, तुमच्याशी काही बोलली का ही? म्हणजे मला कळू दे तरी.

उज्वला : त्या तुमच्याशीच बोलतायत, गुरुजी.

दिवाकर : अगं, माझं हे शेवटचं सिंहस्थ. तुला ठाऊक आहे.

उत्तरा : माझंही शेवटचंच आहे.

दिवाकर : हे सगळं मग कुणासाठी केलं? चार शेगड्या, ही एवढी कपाटं...

उत्तरा : मलाही तेच वाटत होतं, की माझ्यासाठी.

दिवाकर : बरं, ते आपण रात्री बोलू. आत्ता माणसं दारात आहेत, त्यांना मी काय सांगू? इंदूरहून आलीत. तब्येतीचं सांगू? की घरात काही अडचण आहे म्हणू? काहीतरी कारण तर लागेल.

उत्तरा : कारण काही नाहीये.

दिवाकर : कारण नसताना माणसाला नाही कसं म्हणायचं, उत्तरा?

उत्तरा : मी आत्ता म्हटलं ना. तसंच.

(कुकरची शिट्टी होते. कुणी उठत नाही.)

दिवाकर : ...चहा तरी ठेवशील ना?

उत्तरा : ठेवते. चहाचं काही नाही. किती जण आहेत?